कालवा मेनुआचा, नाव शमीरामचं

१८२७ साली फ्रीडरिख एडुआर्ड शुल्त्स नावाचा एक तरुण जर्मन पंडित पॅरिसच्या विद्वानांच्या सांगण्यावरून ऑटोमन मुलखातल्या व्हान सरोवराकडे निघाला. एका जुन्या आर्मेनियन पुस्तकातला मजकूर त्याला तिकडे खेचत होता. अश्शूरची राणी शमीराम सरोवराकाठी आली, तिने दूरवरून कालवा काढून पाणी आणलं, कड्यात दालनं कोरली आणि मेणावर कोरावीत तशी त्या खडकावर अक्षरं उमटवली, असं त्या पुस्तकात होतं. शुल्त्सला तिथे खरोखरच कडा सापडला, दालनं सापडली, कालवाही सापडला. खडकावर बाणाच्या टोकांसारखी अक्षरं होती. त्याने ४२ लेखांच्या नकला उतरवून घेतल्या. १८२९ मध्ये डोंगराळ कुर्द प्रदेशात त्याचा खून झाला. नकला मागे उरल्या आणि १८४० मध्ये छापून आल्या.

लिपी उलगडायला पुढची काही दशकं गेली. उलगडली तेव्हा कालव्याच्या लेखांत शमीराम कुठेच नव्हती. कालवा इसवी सनापूर्वी ८०० च्या आसपासच्या मेनुआ या राजाने खोदलेला निघाला. तो उरार्तू राज्याचा राजा, आणि उरार्तू हे नावसुद्धा त्या पुस्तकाच्या लेखकाच्या कानावर आलेलं नव्हतं. तिथले लोक आजही त्या सुमारे ५० किलोमीटर लांबीच्या पाटाला शमीरामचाच कालवा म्हणतात.

तो लेखक म्हणजे मोव्सेस खोरेनात्सी. आर्मेनियन लोक त्याला 'पात्माहाइर', इतिहासाचा पिता म्हणतात. येरेवानमध्ये मातेनादारान या हस्तलिखितांच्या भांडाराबाहेर त्याचा पुतळा उभा आहे. त्याच्यावरून गेली सव्वाशे वर्षं भांडण चालू आहे आणि ते विद्यापीठांपुरतं राहिलेलं नाही. २०२४ च्या सुरुवातीला आर्मेनियाच्या सरकारने शाळेतल्या 'हायोत्स पात्मुत्युन' या विषयाचं नाव 'हायास्तानी पात्मुत्युन' करायचं ठरवलं आणि गहजब झाला. पहिल्याचा अर्थ आर्मेनियन लोकांचा इतिहास, दुसऱ्याचा आर्मेनिया देशाचा इतिहास. खोरेनात्सीच्या ग्रंथाचं नावच 'पात्मुत्युन हायोत्स' आहे. षष्ठीचा एक प्रत्यय लोकांवरून उचलून देशावर ठेवायचा, एवढीच ती दुरुस्ती. माझ्या मते तेवढ्याने बरंच काही सांडतं. पण ते सांगण्याआधी या माणसाने नेमकं काय केलं ते पाहायला हवं, कारण त्याचे भक्त आणि त्याचे टीकाकार दोघेही त्याला एकाच चुकीच्या खिडकीपाशी उभं करतात: तलाठ्याच्या.

तो स्वतःबद्दल सांगतो ते असं. ४०५ साली मेस्रोप माश्तोत्सने आर्मेनियन भाषेला ३६ अक्षरांची लिपी दिली. आपण त्याचे शिष्य. गुरूने आपल्याला शिकायला अलेक्झांड्रियाकडे धाडलं. परतलो तेव्हा गुरू गेलेले होते आणि राज्यही. ४२८ मध्ये अर्शकुनी घराण्याचा शेवटचा राजा पदच्युत झाला आणि पूर्व आर्मेनियावर इराणी सुभेदार बसला. ग्रंथाच्या शेवटी या सगळ्याबद्दल एक विलाप आहे. राजा नाही, धर्मगुरू नाही, शिकवणारे आळशी, शिकणारे उथळ, न्यायाधीश लाचखाऊ. आजच्या अग्रलेखात चालेल असा तो आहे. म्हणजे इतिहास लिहायला घेतला तो राज्य बुडाल्यावर. हा क्रम लक्षात ठेवला तर पुस्तकातल्या निम्म्या अडचणी सुटतात. राजदरबाराचा बखरकार राजा जिवंत असताना लिहितो. याच्यापुढे राजाच नव्हता, होता तो एक सरदार, साहाक बाग्रातुनी, ज्याने त्याला हे काम सांगितलं.

सुरुवातीलाच तो आपल्याच पूर्वजांना झोडपतो. आमचे जुने राजे विद्येचे शत्रू होते, त्यांनी काही लिहून ठेवलं नाही, आमची हकिकत आम्हाला ग्रीकांच्या पुस्तकांत शोधावी लागते. आणि मग ती ओळ, जी प्रत्येक आर्मेनियन मुलाला पाठ असते: आम्ही लहान रोपटं आहोत, संख्येने थोडे, बळाने कमी, कितीदा परक्यांच्या सत्तेखाली गेलेले, तरी आमच्या भूमीतही लिहून ठेवण्याजोगे पराक्रम घडले आहेत. राष्ट्राचा इतिहास लिहिणाऱ्या किती जणांनी 'आम्ही लहान आहोत' या वाक्याने सुरुवात केली असेल? बहुतेक सगळे आपण जगात पहिले असल्यापासून सुरू करतात.

अर्थात पुढच्या पानांवर तोही थोडं तेच करतो. सीझेरियाच्या युसेबियसने जगाच्या इतिहासाचं जे कोष्टक मांडलं होतं, त्यात खाल्दी, अश्शुरी, इब्री, ग्रीक अशा एकेका लोकांच्या वंशावळी शेजारी शेजारी होत्या. आर्मेनियनांचा रकाना नव्हता. खोरेनात्सीने तो भरला. नोहाचा मुलगा याफेत, त्याच्या वंशात तोर्गोम, तोर्गोमचा मुलगा हायक. कुरळ्या केसांचा, तेजस्वी डोळ्यांचा, धिप्पाड. बाबेलमध्ये बेल सर्वांवर सत्ता गाजवू लागला तेव्हा हायक आपली मुलंबाळं आणि घरचे तीनशे गडी घेऊन उत्तरेला निघून गेला. बेलने निरोप पाठवला की, थंडीत कशाला कुडकुडतोस, ये, माझ्या पदरी राहा. हायकने नकार दिला. सरोवराकाठी लढाई झाली, आणि हायकने सोडलेला बाण बेलच्या छातीपत्र्यातून आरपार जाऊन मागे जमिनीत रुतला.

त्यानंतर हायकची मुलं-नातवंडं देशभर पसरतात आणि प्रत्येकाच्या नावावर एकेक डोंगर, एकेक नदी, एकेक परगणा चढतो. अमासियावरून मासिस, म्हणजे आपण ज्याला अरारात म्हणतो तो पर्वत. गेघामवरून सेवान सरोवराचा मुलूख. शारा नावाचा एक खादाड, त्याला बापाने सुपीक शिराक प्रांतात धाडून दिलं. त्यावरून म्हणच पडली: तुझा घसा शाराचा असेल, पण आमची कोठारं शिराकची नाहीत. पद्धत सरळ आहे. गावाचं नाव घ्यायचं आणि त्याला आजोबा शोधून द्यायचा. शेजारच्या जॉर्जियनांच्या इतिवृत्तातही तोच तोर्गोम मूळ पुरुष आहे आणि त्यांचा कार्तलोस हा हायकचा भाऊ लागतो. युरोपात कोणी ट्रॉयच्या वीरांपर्यंत पोचत होतं. बायबलात नाव नसणं म्हणजे जगाच्या पंक्तीत पान नसणं, असा तो काळ होता.

एकोणिसाव्या शतकात गेवोंद अलिशान या विद्वान पाद्र्याने हायकच्या विजयाची तारीखही काढली: इसवी सनापूर्वी २४९२, ऑगस्ट ११. खोरेनात्सीने दंतकथेला वंशावळ दिली होती, अलिशानने तिला जन्मपत्रिका दिली. आज ती तारीख समारंभाने साजरी होते आणि तिचा दोष मात्र पंधराशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या माथी बसतो.

टीकाकारांचं म्हणणं थोडक्यात सांगून चालणार नाही, कारण ते वजनदार आहे. आपण माश्तोत्सचे शिष्य असं तो म्हणतो, पण माश्तोत्सचा चरित्रकार कोर्यून शिष्यांची नावं देतो त्यात मोव्सेस नाही. प्राचीन काळाची हकिकत आपण मार अबास कातिना या सीरियन पंडिताच्या ग्रंथातून घेतली, असं तो सांगतो. हा ग्रंथ म्हणे निनवेच्या दप्तरखान्यात मिळाला होता आणि अलेक्झांडरच्या हुकमाने ग्रीकमध्ये उतरवला होता. त्या ग्रंथाचा पुरावा या पुस्तकाबाहेर कुठेच भक्कम नाही. आर्मेनियाचे पहिली, दुसरी, तिसरी, चौथी असे चार भाग तो सांगतो. ती विभागणी सम्राट जस्टिनियनने ५३६ साली केली, तेव्हा पाचव्या शतकातला माणूस ती कशी लिहील? फ्रेंच पंडित ऑग्युस्त कारिएरने १८९० च्या दशकात दाखवलं की, काही मजकूर सातव्या शतकाच्या अखेरीस आर्मेनियनमध्ये आलेल्या भाषांतरांवर बेतलेला दिसतो. शेवटी १९७८ मध्ये रॉबर्ट थॉमसनने इंग्रजी भाषांतरासोबत लांबलचक प्रस्तावना लिहिली, ग्रंथ आठव्या शतकात ढकलला आणि लेखकाला जवळजवळ लबाडच ठरवलं.

लबाडीचा हेतूही दाखवता येतो. आठवं शतक हे बाग्रातुनी घराण्याच्या चढतीचं. पुढे ८८४-८५ च्या सुमारास त्यांचा अशोत हा राजा झाला. आणि खोरेनात्सीच्या ग्रंथात बाग्रातुनी वळणावळणावर भेटतात. राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवण्याचा मान त्यांचा. त्यांचा मूळ पुरुष ज्यू, नबुखद्नेस्सरने पकडून नेलेल्यांपैकी, म्हणजे थेट बायबलातला. उलट मामिकोनियन हे सेनापतींचं घराणं, जे इतर आर्मेनियन इतिहासकारांकडे पानं व्यापून असतं, ते इथे अंग चोरून उभं आहे. ज्याने लिहायला सांगितलं त्याचं घराणं मोठं झालं. बखरी वाचून तयार झालेल्या मराठी वाचकाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. सभासदाने १६९७ मध्ये राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलं म्हणून कोणी त्याची बखर फेकून देत नाही. आज्ञा कोणाची होती हे ध्यानात ठेवून वाचतो, इतकंच.

सगळ्यांत गमतीची जागा लिडियाचा राजा क्रोइससची. त्याला इराणच्या कुरूशने, म्हणजे सायरसने, कैद केलं हे ग्रीक मुलांनाही माहीत होतं. खोरेनात्सी त्याला आर्मेनियाच्या आर्ताशेसच्या बेड्यांत घालतो. काही जण कुरूशचं नाव घेतात हे त्याला ठाऊक आहे आणि तो ते लपवतही नाही. चार ग्रीक लेखकांचे दाखले देतो आणि आपला कैदी सोडत नाही. आणि हाच माणूस दुसरीकडे लिहितो की, कालगणनेशिवाय खरा इतिहास नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. घड्याळ नसलेल्या घरात वेळ पाळायची धडपड करणाऱ्या माणसाचं ते वाक्य आहे.

कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही पुष्कळ आहे. राजा आर्ताशेसने गावागावांच्या आणि शेतांच्या हद्दी ठरवून तिथे चौकोनी दगड पुरायला लावले, असं खोरेनात्सी लिहितो. विसाव्या शतकात सेवान सरोवराच्या परिसरात असे दगड निघाले, त्यांवर अरामी लिपीत त्याच राजाचं नाव. फक्त हा राजा इसवी सनापूर्वी १८९ मध्ये गादीवर आलेला पहिला आर्ताशेस होता. खोरेनात्सीने दगड लावले ते काही शतकं नंतरच्या दुसऱ्या आर्ताशेसच्या नावावर. गार्नीला राजा त्रदातने बहिणीसाठी उन्हाळी प्रासाद बांधून ग्रीक लेख कोरवला, असंही तो म्हणतो. १९४५ मध्ये चित्रकार मार्तिरोस सारियान यांना गार्नीत तो ग्रीक लेख दिसला, त्रदातच्या नावासकट. बहुतेक अभ्यासक तो पहिल्या शतकातल्या त्रदातचा मानतात, तर खोरेनात्सीचा त्रदात म्हणजे चौथ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती झालेला. कालवा, दगड, लेख, तिन्ही ठिकाणी तेच घडलंय. वस्तू खरी, धनी चुकला.

थापा मारणाऱ्याच्या चुका अशा नसतात. थापाड्या वस्तूच मनाने रचतो आणि धनी पक्का ठेवतो. इथे एक माणूस फिरला आहे, त्याने खडक पाहिले आहेत, लोकांना विचारलं आहे, आणि लोकांनी सांगितलेलं नाव लिहिलं आहे. लोकांची आठवण राजांची नावं कशी गोळा करते, एका मोठ्या नावाखाली दहा लहान नावं कशी झाकली जातात, हे पाहायचं असेल तर याच्याइतकं चांगलं पुस्तक क्वचित मिळेल. मात्र राज्यं कोणत्या साली उठली आणि बसली यासाठी ते उघडू नये.

आणि गाणी. व्हाहाग्न या देवाच्या जन्माचं गाणं त्याच्यामुळेच जगाला मिळालं. आकाश कळा देत होतं, पृथ्वी कळा देत होती, जांभळा समुद्र कळा देत होता, समुद्रातला लाल बोरूही कळा देत होता. बोरूच्या नळीतून धूर निघाला, ज्वाळा निघाली, ज्वाळेतून एक कुमार धावत आला, केस अग्नीचे, दाढी ज्वाळेची, डोळे दोन सूर्य. व्हाहाग्न हे नाव इराणी वेरेथ्रघ्नाचं, आणि तो शब्द म्हणजे आपल्या इंद्राच्या 'वृत्रहन्' या बिरुदाचा सख्खा भाऊ. ऋग्वेद वाचलेल्याच्या अंगावर त्या सहा-सात ओळी वाचताना काटा येतो. ख्रिस्ती धर्मगुरू असलेल्या या माणसाला ही जुन्या देवाची गाणी गाडून टाकता आली असती. त्याने लिहून ठेवली आणि वर सांगितलं की, लोक तंतुवाद्यावर हे गाताना आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंय. जो लेखक निव्वळ आपल्या घराण्याची जाहिरात करायला बसला आहे, त्याला याची गरज काय?

तरीही येरेवानमध्ये थॉमसनच्या पुस्तकावर लोक इतके का उसळले हे समजून घ्यायला हवं. हायकने बाण सोडला ते खोरं व्हानच्या जवळ, आजच्या तुर्कस्तानात आहे. १९१५ पर्यंत तिथे आर्मेनियन गावं होती. १९१५ च्या ऑटोमन नरसंहारानंतर राहिली नाहीत. ज्या लोकांना आपली माणसं मारली गेली हेच जगाला पटवत राहावं लागतं, त्यांना परदेशी प्राध्यापकाने तुमचा पहिला इतिहासकार खोटारडा होता असं सांगितलं, तर ते पाठचिकित्सेसारखं ऐकूच येत नाही. तो राग मला कळतो. पण राग हा पुरावा नाही, आणि खोरेनात्सीला पाचव्या शतकात खिळे ठोकून बसवल्याने १९१५ चं सत्य अधिक सत्य होत नाही.

शिवाय शेजारचं अझरबैजानही वहीखातं उघडून बसलेलं होतं. सोव्हिएत काळापासून बाकूमध्ये झिया बुनियादोव्ह आणि त्यांच्या मागून आलेले इतिहासकार मांडत राहिले की, काराबाख या दोघांत वादाच्या मुलखातली जुनी चर्च आर्मेनियनांची नव्हेत, कॉकेशियन अल्बानियन या तिथल्याच एका प्राचीन लोकांची. येरेवानकडून उत्तर म्हणून खोरेनात्सीचं पान पुढे यायचं, ज्यात त्या मुलखाचा मूळ पुरुष हायकच्या वंशातला दाखवला आहे. दोघांनाही पंधराशे वर्षांपूर्वीच्या वंशावळीत वारसनोंद हवी होती. सप्टेंबर २०२३ मध्ये काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियन माणसं काही दिवसांत घरदार सोडून बाहेर पडली. त्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या रांगेत तोर्गोमचा कोणालाच काही उपयोग झाला नाही. त्या लोकांचा हक्क त्यांच्या आजच्या घरांवर होता, आजोबांच्या कबरींवर होता. तो मागायला प्रलयापर्यंत जायची गरज नव्हती.

इथे एका माणसाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. थॉमसनच्या पुस्तकावर १९८० मध्ये येरेवानमधून परखड परीक्षण लिहिणाऱ्या अभ्यासकाचं नाव लेवोन तेर-पेत्रोस्यान. सीरियन आणि आर्मेनियन हस्तलिखितांत बुडालेला भाषाशास्त्रज्ञ. हाच १९९१ मध्ये स्वतंत्र आर्मेनियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. आणि याच माणसाने १९९७ मध्ये, काराबाखची लढाई जिंकलेली असताना, देशाला सांगितलं की आता तडजोड करा, नाहीतर पुढे याहून कमी मिळेल. त्यावरून १९९८ मध्ये त्याला पद सोडावं लागलं. खोरेनात्सीची बाजू घेणारा हाच तडजोडीची बाजू घेत होता. इतिहासकारावर प्रेम करणं आणि त्याच्या नकाशासाठी तरुणांना लढाईवर पाठवणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने मूळ पोथ्या वाचल्या होत्या त्याला सर्वांत आधी कळलं.

आताचे पंतप्रधान निकोल पाशिन्यान 'खरा आर्मेनिया' म्हणतात तेव्हा त्यांना हेच म्हणायचं असतं. आजच्या सीमांतला सुमारे २९,७४३ चौरस किलोमीटरचा देश, त्याच्याकडे बघा, सीमेपलीकडच्या अराराताकडे बघून उसासे टाकू नका. परराष्ट्र धोरण म्हणून मला ते पटतं. पण त्यासाठी शाळेतल्या विषयाचं नाव बदलायचं हे पटत नाही. देशाचा इतिहास म्हटला की प्रश्न येतो, देशाबाहेर घडलं त्याचं काय करायचं? खोरेनात्सीचा ग्रंथ पहिल्यांदा छापला गेला तो १६९५ मध्ये ॲमस्टरडॅमला. आर्मेनियनांचा पहिला आधुनिक, तीन खंडी इतिहास मिकायेल चामचियानने लिहिला तो व्हेनिसजवळच्या बेटावरच्या मठात, १७८४ ते १७८६ दरम्यान छापला, आणि त्याचं इंग्रजी भाषांतर १८२७ मध्ये कोलकात्यात निघालं. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक 'अझ्दारार' १७९४ मध्ये हारुत्युन श्मावोन्यान या धर्मगुरूने काढलं ते मद्रासमध्ये. त्याच मद्रासच्या शाहामीर शाहामिर्यानने, ज्या देशाचं अस्तित्वच नव्हतं त्या आर्मेनियासाठी राज्यघटनेसारखा ग्रंथ छापला. मुंबईत फोर्टातल्या मेडोज स्ट्रीटवर त्यांचं सेंट पीटर चर्च १७९६ पासून आहे, आणि त्या फाटकासमोरून रोज जाणाऱ्यांपैकी कितींना ते ठाऊक असतं कोण जाणे. हे सगळं कोणत्या धड्यात बसणार? सोळाव्या शतकापासून विसाव्यापर्यंत आर्मेनिया हा देश म्हणून जवळजवळ नव्हताच. लोक होते. खोरेनात्सीने राज्य गेल्यावर 'लोकांचा' इतिहास लिहिला, कारण उरलं होतं ते तेवढंच, आणि पुढची हजार-दीड हजार वर्षं त्याच्या वाचकांची परिस्थिती बहुतेक तीच होती.

तेव्हा नाव राहू द्यावं आणि धडा बदलावा. आज हायकचा पाठ पहिल्यांदा येतो तो गोष्ट म्हणून, आणि मग तीच गोष्ट नकळत इतिहास होऊन बसते. त्याऐवजी खोरेनात्सीचं शमीरामचं पान आणि शुल्त्सने उतरवून घेतलेला मेनुआचा लेख समोरासमोर छापावा. एका बाजूला अश्शूरच्या राणीची कथा, देखण्या आर्मेनियन राजा आराच्या प्रेमात वेडी झालेली, त्याच्या मृत्यूनंतर डोंगर फोडणारी. दुसऱ्या बाजूला राजाचं कोरडं वाक्य: हा कालवा मेनुआने काढला, जो हा लेख पुसेल त्याला देव शासन करोत. खाली पाटाचं आजचं छायाचित्र, अजून वाहणाऱ्या पाण्याचं. आणि दहावीच्या मुलाला विचारावं की, एवढा मोठा राजा लोक का विसरले, आणि त्याच्या जागी त्यांना एक परकी, प्रेमात पडलेली बाईच का आठवली.